सर्व्हर आणि सामायिक स्टोरेज : इथरनेटवरच्या जोडणीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. कार्यालयातल्या सर्व्हरची संख्या एकावरून तीन-चारवर गेली, की प्रत्येकाच्या आतल्या डिस्क वेगवेगळ्या सांभाळण्यापेक्षा एकच मोठे स्टोरेज घ्यावे आणि ते नेहमीच्या इथरनेटने सगळ्या सर्व्हरना जोडावे, असा विचार साहजिकच पुढे येतो. हा विचार योग्य आहे आणि आजच्या घडीला तो परवडणाराही आहे. मात्र ज्या क्षणी सर्व्हरची डिस्क नेटवर्कपलीकडे जाते, त्या क्षणापासून मधली केबल, स्विच आणि नेटवर्क कार्ड ही त्या डिस्कचाच भाग होतात. कार्यालयातला इंटरनेट दोन मिनिटे बंद पडला तर कुरकुर होते आणि काम पुढे सुरू होते. डिस्क दोन मिनिटे नाहीशी झाली तर सर्व्हर ते सहन करत नाही. या महिन्यात निवडलेल्या पत्रांतल्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी हाच फरक असल्याने त्या सर्वांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या कार्यालयात तीन सर्व्हर आहेत. दोनांवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक, चालतात आणि तिसऱ्यावर यंत्रभागांची रेखाचित्रे ठेवलेली असून ती साठ-सत्तर जण वापरतात. सामायिक स्टोरेजसाठी एक विक्रेता आयस्कझी सुचवतो, तर दुसरा एनएफएसचा आग्रह धरतो. दोघांत नेमका फरक काय, आणि आम्ही काय निवडावे? — एक वाचक, वाळूज

उत्तर : दोन्ही पद्धती त्याच केबलवरून आणि इंटरनेटवरही वापरल्या जाणाऱ्या त्याच टीसीपी-आयपी या संवादनियमांवरून चालतात. फरक आहे तो स्टोरेज सर्व्हरच्या हाती काय देते यात.

आयस्कझीमध्ये स्टोरेज सर्व्हरला एक कोरी डिस्क देते. तिला लन म्हणतात. सर्व्हरवरचा ‘इनिशिएटर’ स्टोरेजवरच्या ‘टार्गेट’शी ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर संपर्क साधतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला आतल्या डिस्कसारखीच आणखी एक डिस्क दिसू लागते. ती फॉरमॅट करणे, कोणती फाइल कोणत्या ब्लॉकवर आहे याचा हिशेब ठेवणे, मोकळी जागा शोधणे ही सगळी कामे सर्व्हरकडे राहतात. स्टोरेजला फायली ठाऊकच नसतात. अमुक क्रमांकाचा ब्लॉक वाचून दे, तमुक क्रमांकाच्या ब्लॉकवर हे लिही, एवढ्याच आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचतात. डिस्कसाठी पूर्वापार वापरात असलेल्या स्कझी आज्ञा टीसीपीतून पाठवण्याची ही पद्धत २००४ साली आरएफसी ३७२० या दस्तऐवजाने प्रमाणित झाली आणि २०१४ साली आरएफसी ७१४३ मध्ये तिचे नियम एकत्र करण्यात आले.

एनएफएसमध्ये फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींचा हा हिशेब ठेवणारी रचना, स्टोरेजवरच असते आणि सर्व्हर तिथल्या फायली नावाने मागतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास विकसित केलेली ही पद्धत युनिक्स आणि लिनक्सच्या जगात पक्की रुजलेली आहे. तिची १९९५ ची तिसरी आवृत्ती आजही सर्रास वापरली जाते. विंडोजच्या जगात हेच काम एसएमबी करते. फायलींचा हिशेब एकाच ठिकाणी होत असल्याने अनेक यंत्रांनी एकाच वेळी त्याच फोल्डरमध्ये काम करणे या पद्धतीत मुळातच अपेक्षित असते.

आपल्या बाबतीत निवड एकच असण्याची गरज नाही. रेखाचित्रे अनेक माणसे वापरतात. ती फाइल पद्धतीनेच द्यावीत, आणि कार्यालयातले संगणक विंडोजचे असतील तर एसएमबीने द्यावीत. व्हर्च्युअल मशीनसाठी उत्तर आपण कोणती प्रणाली वापरता त्यावर ठरेल. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही व्हर्च्युअल मशीन ठेवण्यासाठी एनएफएस स्वीकारत नाही, त्यामुळे तिथे आयस्कझी किंवा एसएमबीची तिसरी आवृत्ती घ्यावी लागते. व्हीएमवेअर आणि लिनक्सवरच्या केव्हीएमला आयस्कझी आणि एनएफएस दोन्ही चालतात. एकच माणूस सगळी व्यवस्था पाहत असेल आणि प्रणाली दोन्ही स्वीकारत असेल, तर आमचा कल एनएफएसकडे आहे, कारण तिथे बिघाड शोधणे सोपे जाते आणि स्टोरेजवर नुसती यादी पाहून कोणत्या मशीनची फाइल कुठे आहे हे कळते. एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस असेल तर मात्र आयस्कझीचा लन द्यावा.

एनएफएस निवडल्यास दोन गोष्टींवर तडजोड करू नये. माउंट करताना, म्हणजे स्टोरेजवरची जागा सर्व्हरच्या एखाद्या फोल्डरशी जोडताना, ‘हार्ड’ हाच पर्याय ठेवावा, म्हणजे नेटवर्क तुटल्यास सर्व्हर थांबून वाट पाहील. ‘सॉफ्ट’ पर्यायात काही वेळाने लिखाण अयशस्वी झाल्याचा निरोप परत येतो, आणि तो निरोप नीट न हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल अर्धवट राहू शकते. स्टोरेजच्या बाजूला ‘सिंक’ ठेवावे. ‘असिंक’ने वेग वाढलेला दिसतो, पण त्यात डेटा डिस्कवर उतरण्याआधीच ‘लिहिले’ असे उत्तर दिले जाते, आणि त्याच क्षणी स्टोरेजची वीज गेली तर सर्व्हर ज्याला सुरक्षित समजतो तो डेटा कुठेच नसतो. विक्रेत्याने वेग दाखवण्यासाठी हा पर्याय चालू केलेला नाही ना, हे स्वतः पाहावे.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात क्ष-किरण आणि सोनोग्राफीच्या प्रतिमांसाठी आयस्कझीचे स्टोरेज घेतले. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्यावरून काम चालावे म्हणून एकच लन दोन्ही लिनक्स सर्व्हरना जोडून दोन्हीकडे माउंट केला. पहिल्यावर साठवलेल्या फायली दुसऱ्यावर दिसत नाहीत, आणि आता काही जुन्या प्रतिमा उघडतच नाहीत. स्टोरेज सदोष आहे का? — संगणक विभागातील एक वाचक, नाशिक

उत्तर : स्टोरेजने सांगितले तसेच केले आहे, दोष त्याचा नाही. पण प्रथम एक तातडीची विनंती : हे वाचत असतानाही तो लन दोन्हीकडे माउंट असेल, तर दोन्ही सर्व्हरवरचे काम थांबवून तो आधी दोन्हीकडून अनमाउंट करावा. कारणांची चर्चा त्यानंतर करता येईल, कारण मधल्या प्रत्येक मिनिटाला हानी वाढत असते.

आता आत काय घडते ते पाहू. एक्सटीफोर, एक्सएफएस किंवा एनटीएफएस या फाइल सिस्टिम असे गृहीत धरून बांधलेल्या आहेत, की डिस्कवर आपल्याशिवाय दुसरे कोणी लिहीत नाही. माउंट करताना सर्व्हर मोकळ्या ब्लॉकांचा नकाशा आणि फोल्डरांच्या याद्या वाचून आपल्या मेमरीत ठेवतो, आणि पुढचे निर्णय त्या मेमरीतल्या प्रतीवरून घेतो. दर वेळी डिस्क पुन्हा वाचत बसला तर तो कमालीचा संथ होईल. समजा, दोन्ही सर्व्हरच्या प्रतींत ५०,००० क्रमांकाचा ब्लॉक मोकळा आहे. पहिला सर्व्हर एका रुग्णाची प्रतिमा तिथे लिहितो आणि आपल्या नकाशात तो ब्लॉक भरल्याची नोंद करतो. दुसऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. त्याच्या लेखी ब्लॉक अजून मोकळा आहे, म्हणून थोड्या वेळाने तो दुसऱ्या रुग्णाची प्रतिमा त्याच जागी लिहितो. मग तो आपला नकाशा डिस्कवर उतरवतो आणि पहिल्याने केलेल्या नोंदी पुसल्या जातात. स्टोरेजला यातले काही वावगे वाटण्याचे कारण नाही, कारण दोन्ही आज्ञा नियमाप्रमाणेच आल्या होत्या. पहिल्यावरच्या नव्या फायली दुसऱ्यावर न दिसणे हे याच दोषाचे सौम्य रूप होते. जुन्या प्रतिमा न उघडणे ही त्याची पुढची पायरी आहे.

दुरुस्तीसाठी थेट फाइल सिस्टिम तपासणीचा प्रोग्रॅम चालवू नये. तो प्रोग्रॅम नोंदींमधली विसंगती मिटवतो, आणि ती मिटवताना एखाद्या फाइलचे ब्लॉक काढून दुसऱ्या फाइलला देऊ शकतो. स्टोरेजवर स्नॅपशॉटची, म्हणजे त्या क्षणीची स्थिती जपून ठेवण्याची, सोय असेल तर आधी स्नॅपशॉट घ्यावा, नसेल तर संपूर्ण लनची ब्लॉकशः प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, आणि तपासणी त्या प्रतीवर करावी. तपासणीनंतर फाइल सिस्टिम निर्दोष ठरली तरी आतल्या प्रतिमा शाबूत आहेत असे समजू नये, कारण एका रुग्णाच्या फाइलमध्ये दुसऱ्याच्या प्रतिमेचा तुकडा असण्याची शक्यता उरते. रुग्णालयाच्या बाबतीत ही गोष्ट फार गंभीर आहे. ज्या दिवशी लन दुसऱ्या सर्व्हरला जोडला त्या दिवसानंतर लिहिलेली प्रत्येक प्रतिमा संशयास्पद धरून बॅकअपशी किंवा मूळ यंत्रात शिल्लक असलेल्या प्रतीशी ताडून पाहावी.

पुढच्या व्यवस्थेसाठी दोन मार्ग आहेत. आपल्याला हवे आहे ते एवढेच, की पहिला सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम हाती घ्यावे. त्यासाठी लन दोन्ही सर्व्हरना दिसला तरी चालतो, पण एका वेळी तो एकाच ठिकाणी माउंट असला पाहिजे, आणि ही जबाबदारी माणसाच्या आठवणीवर न सोडता क्लस्टर सॉफ्टवेअरकडे, म्हणजे अनेक सर्व्हरना एका गटासारखे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, द्यावी लागते. असे सॉफ्टवेअर पहिल्या सर्व्हरचा प्रतिसाद थांबला तर आधी त्याला खात्रीने बाजूला काढते, म्हणजे त्याची वीज तोडते किंवा स्टोरेजवरचा त्याचा प्रवेश बंद करते, आणि मगच दुसऱ्याकडे माउंट करते. याला फेन्सिंग म्हणतात. बसवायला किचकट आहे म्हणून पुष्कळ ठिकाणी ते वगळले जाते, आणि मग नेटवर्कच्या क्षणभराच्या अडथळ्यात दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजून त्याच डिस्कवर लिहू लागतात. फेन्सिंगशिवाय अशी व्यवस्था अजिबात सुरू करू नये.

दुसरा मार्ग खरोखरच दोघांनी एकाच वेळी लिहिण्याचा. त्यासाठी लिनक्सवर जीएफएस-२ किंवा ओसीएफएस-२ अशा क्लस्टर फाइल सिस्टिम आहेत, ज्यांत प्रत्येक सर्व्हर ब्लॉकला हात लावण्यापूर्वी इतरांकडून कुलूप घेतो. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस आणि विंडोज सर्व्हरमधले क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम हीही त्याच गरजेची उत्तरे आहेत. पण केवळ प्रतिमा साठवण्यासाठी एवढा पसारा मांडण्यापेक्षा स्टोरेजवरूनच एनएफएसने फोल्डर द्यावे आणि दोन्ही सर्व्हरनी ते वापरावे, हे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. प्रतिमा पाहण्याचे सॉफ्टवेअर एनएफएसवर चालते का, हे मात्र उत्पादकाकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत एक गिगाबिटच्या दोन केबल टाकल्या आणि स्विचवर एलएसीपीने त्या एकत्र जोडल्या. तरीही मोठी फाइल आयस्कझीवर लिहिताना वेग सेकंदाला ११० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. दुसरी केबल वाया गेली का? आणि आमचा डेटाबेस याहूनही कितीतरी संथ चालतो, तो कशामुळे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. पाकिटांवरचे पत्ते आणि इतर नोंदी वजा जाता साधारण ११८ मेगाबाइट डेटा उरतो, त्यामुळे आपल्याला मिळणारे ११० हा एका केबलचा जवळजवळ पूर्ण वेग आहे. एलएसीपी दोन केबलींचा एक गट करते, पण एकाच संवादातली पाकिटे दोन्हींवर वाटत नाही, कारण तसे केल्यास ती पुढे-मागे पोहोचून क्रम बिघडला असता. कोणते पाकीट कोणत्या केबलवर जाईल, हे दोन्ही टोकांचे मॅक पत्ते, आयपी पत्ते किंवा पोर्ट क्रमांक यांवरून एका सूत्राने ठरते. एक सर्व्हर, एक टार्गेट आणि त्यांच्यातले एक टीसीपी कनेक्शन असेल, तर सूत्राचे उत्तर दर वेळी तेच येते आणि सगळी वाहतूक एकाच केबलवरून होते. वीस संगणक एका फाइल सर्व्हरला जोडलेले असताना एलएसीपी उत्तम काम करते, कारण तिथे वीस वेगळे संवाद असतात.

आयस्कझीसाठी योग्य साधन मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्कपर्यंत अनेक स्वतंत्र मार्ग, हे आहे. सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डे स्वतंत्र ठेवावीत, त्यांना दोन वेगळ्या सबनेटमधले (आयपी पत्त्यांच्या गटांतले) पत्ते द्यावेत — उदाहरणार्थ, एकाला १०.१०.१ चा आणि दुसऱ्याला १०.१०.२ चा गट — आणि स्टोरेजच्या दोन पोर्टांनाही तसेच पत्ते द्यावेत. दोन्ही मार्गांवरून टार्गेटशी स्वतंत्र लॉगिन करावे. या टप्प्यावर ऑपरेटिंग सिस्टिमला एकच लन दोन डिस्कांसारखा दिसतो. इथे घाई करून त्यातली एक फॉरमॅट करू नये. लिनक्सवर मल्टिपाथ सेवा आणि विंडोज सर्व्हरवर एमपीआयओ हे फीचर बसवून, त्यात आयस्कझीसाठीची निशाणी लावल्यावर दोन्ही मिळून एक डिस्क दिसते, आणि काम त्या एकत्रित डिस्कवरच करावे. राउंड रॉबिन पद्धत निवडल्यास आज्ञा आळीपाळीने दोन्ही मार्गांनी जातात. दोन्ही कार्डे एकाच सबनेटमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा. लिनक्समध्ये तशा स्थितीत एका कार्डासाठी आलेल्या चौकशीला दुसरे कार्ड उत्तर देऊ शकते आणि दोन मार्ग कागदावरच राहतात.

मल्टिपाथचा खरा लाभ वेगापेक्षा भरवशात आहे. दोन मार्ग दोन वेगळ्या स्विचमधून नेले, तर एक स्विच बंद पडला तरी डिस्क शाबूत राहते. यासाठी लिनक्समध्ये आणखी एक आकडा बदलावा लागतो. मार्ग तुटल्यावर आयस्कझीचा इनिशिएटर मूळ मांडणीनुसार १२० सेकंद त्याच मार्गाची वाट पाहतो आणि त्यानंतरच मल्टिपाथला कळवतो. दुसरा मार्ग शेजारी मोकळा असताना दोन मिनिटे डेटाबेस गोठून राहणे परवडणारे नाही. मल्टिपाथ असेल तर ही मुदत काही सेकंदांवर आणावी. सगळे बसवून झाल्यावर भर कामाच्या वेळेबाहेर एक केबल प्रत्यक्ष उपटून पाहावी, मग ती लावून दुसरी उपटावी, आणि दोन्ही वेळा लिखाण किती सेकंद थांबते ते नोंदवून ठेवावे. ही चाचणी न करता व्यवस्था सुरू केली जाते हे आम्हाला वारंवार दिसते, आणि दुसरा मार्ग कधी चालूच नव्हता हे पहिला तुटल्यावर उघड होते.

आता डेटाबेस. आपण आठ डिस्क असल्याचे लिहिले आहे आणि त्या मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या आहेत. अशा डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा डोक्याखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चारएक मिलिसेकंद लागतात आणि डोके योग्य मार्गिकेवर नेण्यास साधारण आठ-नऊ. म्हणजे विखुरलेल्या एका वाचनाला बाराएक मिलिसेकंद, आणि एका डिस्ककडून सेकंदाला सुमारे ८० वाचने. आठ डिस्ककडून ६४०. डेटाबेस आठ किलोबाइटांची पाने वाचतो असे धरले, तर हा वेग सेकंदाला जेमतेम पाच मेगाबाइट होतो. आपल्या एका केबलच्या क्षमतेचा हा विसावा भागही नाही. लिखाणात तर रेड-६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकवणारी मांडणी) असल्यास प्रत्येक छोट्या बदलासाठी तीन वाचने आणि तीन लेखने करावी लागतात, त्यामुळे कॅशची मदत नसेल तर सेकंदाला शंभराच्या आसपासच बदल होतात. इथे तिसरी किंवा दहावी केबल टाकूनही फरक पडणार नाही. डेटाबेसपुरत्या दोन एसएसडी घेऊन त्यांची रेड-१ जोडी करावी, म्हणजे एकीवरचा डेटा दुसरीवरही राहील. तो खर्च दहा गिगाबिटच्या स्विचवर करण्यापेक्षा कितीतरी जास्त सत्कारणी लागेल.

प्रश्न : जम्बो फ्रेम चालू केल्यापासून स्टोरेजशी लॉगिन होते, लहान फायली जातात, पण मोठी फाइल कॉपी करताना सगळे अडकते. असे अर्धवट का होते? — एक वाचक, मडगाव

उत्तर : मार्गातले एखादे उपकरण अजून जुन्याच मापावर आहे. इथरनेटच्या नेहमीच्या पाकिटात १,५०० बाइट मावतात. जम्बोमध्ये साधारणतः ९,००० ठेवतात. लॉगिनची आणि लहान फायलींची पाकिटे १,५०० च्या आतच असल्याने ती सुखरूप जातात. मोठे लिखाण सुरू झाले की पूर्ण मापाची पाकिटे निघतात आणि जो स्विच किंवा पोर्ट त्यासाठी तयार नाही तो ती मुकाट्याने टाकून देतो. सर्व्हर तीच पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तपासणी सोपी आहे. पलीकडच्या यंत्राचे उत्तर येते का ते पाहणाऱ्या पिंग या आज्ञेला पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय द्यावा आणि आकार ८,९७२ बाइट ठेवावा. आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट धरून ते बरोबर ९,००० होतात. विंडोजवर त्यासाठी ‘एफ’ आणि ‘एल’ हे पर्याय आहेत. उत्तर आले नाही, तर सर्व्हरचे कार्ड, मधला प्रत्येक स्विच आणि स्टोरेजचा पोर्ट क्रमाने पाहावा. व्हर्च्युअल मशीन असतील तर आतला व्हर्च्युअल स्विचही पाहावा, कारण तो हमखास विसरला जातो. स्विचवर ९,००० च्या वरचे, बहुधा ९,२१६ चे माप ठेवतात, म्हणजे व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर वेगळे काढलेल्या आभासी नेटवर्कच्या) नोंदींना जागा उरते.

याबरोबरच जम्बोची गरज आहे का, हेही विचारात घ्यावे. पत्ते आणि नोंदींवरचा खर्च कमी झाल्याने वेगात होणारी वाढ पाच टक्क्यांच्या आसपास असते; पाकिटांची संख्या एक-षष्ठांशावर येत असल्याने प्रोसेसरवरचा ताण कमी होतो, पण आजची नेटवर्क कार्डे पाकिटे जोडण्या-तोडण्याचे पुष्कळसे काम स्वतःच करतात. दोन-तीन सर्व्हर आणि एक गिगाबिटचे नेटवर्क असेल, तर आम्ही १,५०० वरच राहण्याचा सल्ला देऊ. दहा गिगाबिट असेल आणि मार्गातले प्रत्येक उपकरण आपल्या ताब्यात असेल, तर जम्बो जरूर ठेवावे.

प्रश्न : स्टोरेजसाठी वेगळा स्विच घेण्यास व्यवस्थापन तयार नाही. कार्यालयाच्याच स्विचवर चालवले तर काय बिघडेल? सुरक्षेसाठी फक्त आमच्याच सर्व्हरच्या आयक्यूएन नावाला परवानगी दिली आहे. — एका पतसंस्थेतील वाचक, सांगली

उत्तर : दोन गोष्टी बिघडतील. कोणी तरी कार्यालयात मोठी फाइल कॉपी करायला घेतली, की स्विचमधली पाकिटांची रांग भरेल आणि डिस्कच्या आज्ञा त्या रांगेत अडकतील. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. आयस्कझी डेटा उघड्यावरच पाठवते. स्वतःहून ती काहीही सांकेतिक करत नाही. आयक्यूएन हे नुसते नाव आहे आणि इनिशिएटरच्या खिडकीत दुसरे नाव टाइप केले की ते बदलते. आपल्या सर्व्हरचे नाव ठाऊक असलेला कार्यालयातला कोणताही संगणक तेच नाव घेऊन खातेदारांच्या नोंदी असलेला लन मागू शकेल आणि तो त्याला मिळेल. नावाची परवानगी चुकून होणाऱ्या जोडणीपासून वाचवते, हेतुपुरस्सर केलेल्या जोडणीपासून वाचवत नाही.

किमान इतके करावे : स्टोरेजसाठी वेगळे व्हीलॅन काढावे, त्याला बाहेर जाण्याचा मार्ग ठेवू नये, स्टोरेजचे व्यवस्थापन पान त्या व्हीलॅनवर न ठेवता वेगळे ठेवावे आणि चॅप ही पासवर्डची पद्धत दोन्ही बाजूंनी चालू करावी, म्हणजे सर्व्हर स्टोरेजला आणि स्टोरेज सर्व्हरला ओळख पटवून देईल. विंडोजच्या इनिशिएटरला हा पासवर्ड १२ ते १६ अक्षरांचा लागतो. चॅपने ओळख पटते, पण डेटा तरीही उघडाच जातो, म्हणून व्हीलॅनला पर्याय नाही. व्यवस्थापनाला मात्र हे स्पष्ट लिहून द्यावे, की व्हीलॅनने वाहतूक वेगळी झाली तरी स्विच एकच राहतो आणि तो बंद पडला की सगळ्या सर्व्हरच्या डिस्क एकदम नाहीशा होतात. आर्थिक संस्थेने दोन लहान पण व्यवस्थापनक्षम स्विच फक्त स्टोरेजसाठी घ्यावेत, असे आमचे ठाम मत आहे. एका दिवसाचे व्यवहार ठप्प झाल्याने होणारे नुकसान आणि खातेदारांचा डळमळणारा विश्वास यांच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे.

प्रश्न : इमारतीत कॅट-६ केबल आधीच टाकलेली आहे. दहा गिगाबिट चालेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : अंतर ५५ मीटरच्या आत असेल आणि जोडण्या नीट केलेल्या असतील तर चालते, १०० मीटरपर्यंत जायचे असल्यास कॅट-६ए लागते. सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज एकाच रॅकमध्ये असतील, तर भिंतीतल्या केबलचा विचारच करू नये. दोन-तीन मीटरच्या, दोन्ही टोकांना जोडण्या बसवूनच येणाऱ्या तयार डीएसी केबल स्वस्त पडतात आणि कमी तापतात.

प्रश्न : भारनियमनानंतर वीज आली की आमचे सर्व्हर सुरू होतात, पण स्टोरेजची डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही. एकदा तर लिनक्सचा सर्व्हर सुरू होतानाच अडकला. प्रत्येक वेळी कोणी तरी जाऊन पुन्हा सुरू करावा लागतो. — एका महाविद्यालयातील वाचक, लातूर

उत्तर : वीज आल्यावर सगळी यंत्रे एकदम जागी होतात आणि सर्व्हर सहसा स्टोरेजच्या आधी तयार होतो. स्टोरेजला सगळ्या डिस्क फिरवून तपासायला काही मिनिटे लागतात. तोवर सर्व्हरने टार्गेट शोधून, न मिळाल्याने पुढे जायचे ठरवलेले असते.

लिनक्सवर ‘एफएसटॅब’ या फाइलमधल्या त्या डिस्कच्या ओळीत ‘नेटडेव्ह’ हा पर्याय, त्याच्या आधीच्या अधोरेषेसह, आहे का ते पाहावे. तो नसेल तर प्रणाली त्या डिस्कला आतली समजून नेटवर्क सुरू होण्यापूर्वीच शोधू लागते आणि तिथेच अडकते. ‘नोफेल’ हा पर्यायही जोडावा, म्हणजे डिस्क न मिळाल्यास निदान सर्व्हर पूर्ण सुरू होईल आणि दूरवरून लॉगिन करून काम करता येईल. डेटाबेसची सेवा मात्र ती डिस्क माउंट झाल्याखेरीज सुरू होणार नाही असे बांधून ठेवावे. नाही तर डेटाबेस त्या रिकाम्या फोल्डरमध्येच नवा संसार थाटतो आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी गायब झाल्याची ओरड सुरू होते. आयस्कझीचे लॉगिन आपोआप होण्याची निशाणीही तपासावी.

स्विचकडेही पाहावे. नेटवर्कमध्ये पाकिटे गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेल्या जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत पोर्ट जागा झाल्यावर पहिली ३० सेकंद डेटा पुढे जाऊ देत नाही. सर्व्हर आणि स्टोरेजचे पोर्ट ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ म्हणून नोंदवल्यास हा विलंब जातो.

आता विजेविषयी. आपण सर्व्हर आणि स्टोरेज यूपीएसवर असल्याचे लिहिले आहे, पण स्विचचा उल्लेख नाही. अनेक ठिकाणी स्विच भिंतीवरच्या साध्या सॉकेटला असतो. वीज गेली की यूपीएसवरचे सर्व्हर आणि स्टोरेज दोन्ही चालू राहतात, पण त्यांच्यातला मार्ग तुटतो. लिहिता येत नसल्याने एक्सटीफोर स्वतःला फक्त वाचण्यापुरते करून घेते, आणि वीज परत आली तरी ते तसेच राहते. आपली लक्षणे याच्याशी जुळतात, म्हणून स्विच आजच यूपीएसवर घ्यावा. यूपीएसची बॅटरी उतरू लागल्यावर आधी सर्व्हर आणि मग स्टोरेज रीतसर बंद होईल, अशी व्यवस्था नेटवर्क यूपीएस टूल्स या मोफत सॉफ्टवेअरने करता येते. सुरू करताना क्रम उलटा ठेवावा : स्विच, मग स्टोरेज, आणि स्टोरेजचे सगळे लन तयार झाल्यावरच सर्व्हर. त्यासाठी सर्व्हरच्या बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय बंद करावा, किंवा तिथे विलंबाची सोय असल्यास स्टोरेजला प्रत्यक्ष लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि त्याहून दोन-तीन मिनिटे जास्तीचा विलंब द्यावा.